संशोधनाचे सरकारी साह्य आणि बुलढाणा जिल्हा : प्रस्तावना

बुलढाणा जिल्ह्यातील लहान कारखानदार, यंत्रे घडविणारे व दुरुस्त करणारे कारागीर, अभियांत्रिकी महाविद्यालयांतून नुकतेच बाहेर पडलेले तरुण आणि शेतमालावर प्रक्रिया करणारे उद्योजक यांच्यासाठी संशोधनाच्या सरकारी साह्याची माहिती एकत्र करणाऱ्या या पुस्तिकेच्या आरंभी चार शब्द लिहावेत, असा संकलनकर्त्यांचा आग्रह झाला आणि तो मी आनंदाने मान्य केला. योजनांच्या याद्या पुष्कळ निघतात. परंतु योजना कोणत्या विचारातून जन्मली, तिच्यात गुंतलेला पैसा मुळात कोणाचा आणि तो घेणाऱ्याने मनाची कोणती तयारी करावयाची, हे सांगितल्यावाचून दिलेली यादी वाचकाला कचेरीच्या दारापर्यंत नेते आणि तेथेच सोडते. ती उणीव थोडीफार भरून काढावी, एवढाच या प्रस्तावनेचा हेतू आहे.

या जिल्ह्यातील माणसाचा सरकारी पैशाशी असलेला संबंध नवा नाही. सारा भरण्याचा संबंध तर पिढ्यान्‌पिढ्यांचा. त्याच्या जोडीला जमीनसुधारणा कर्जांचा १८८३ चा कायदा आणि शेतकरी कर्जांचा १८८४ चा कायदा यांनी तगाईचा संबंध पक्का केला, आणि स्वातंत्र्यानंतर विहीर, ठिबक संच, शेततळे, पंप अशा ठरावीक वस्तूंच्या खरेदीवर मिळणाऱ्या सबसिडीचा तिसरा संबंध निर्माण झाला. हे तिन्ही संबंध आपल्या अंगवळणी पडलेले आहेत. सारा मुकाट्याने भरावयाचा, तगाई व्याजासह फेडावयाची आणि सबसिडी म्हणजे सातबारा, कोटेशन व पावती जोडून पदरात पाडून घ्यावयाची, हे कोणाला शिकवावे लागत नाही. संशोधनासाठी मिळणारे साह्य या तिहींहून निराळे आहे. तेथे सरकार वस्तूची किंमत देत नाही आणि पैसा व्याजाने लावीतही नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर अद्याप कोणालाच ठाऊक नाही त्याचा शोध घेण्याचा खर्च ते उचलते. हा चौथा संबंध ओळखीचा नसल्यामुळेच आपल्याकडचे बहुतेक अर्ज तगाईच्या विनवणीने किंवा सबसिडीच्या हक्काने लिहिले जातात, आणि परीक्षकांच्या पहिल्याच चाळणीत गळतात.

असे असले तरी संशोधनाला पैसा पुरविण्याचे काम वऱ्हाडाने यापूर्वी केलेलेच नाही, असे मात्र समजू नये. १८५३ च्या तहाने निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले, त्यामागे येथील कापसाचा मोह केवढा होता हे इतिहासाच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला, तेव्हा खामगावची पेठ एकाएकी साऱ्या व्यापारी जगाच्या नजरेत भरली. मध्यप्रांत व वऱ्हाडासाठी नेमलेला कापूस कमिशनर रिव्हेट-कार्नॅक येथील सरकीचे वाण, वाहतूक आणि गाठी दाबण्याची यंत्रे यांची चिकित्सा करू लागला, आणि १८७० मध्ये जलंब ते खामगाव हा लोहमार्गाचा फाटा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो याच्या हस्ते खुला झाला. १९०५ च्या फेररचनेपर्यंत अकोला जिल्ह्यात मोडणारे हे गाव आपल्या जिल्ह्यात आले, ते अशी कीर्ती घेऊन आले.

त्यानंतरची घटना अधिक बोधप्रद आहे. १९२१ मध्ये भारतीय केंद्रीय कापूस समिती स्थापन झाली, १९२३ च्या कायद्याने कापसाच्या प्रत्येक गाठीमागे काही आण्यांचा उपकर बसविण्यात आला, आणि त्या उपकराच्या उत्पन्नातून १९२४ मध्ये मुंबईत माटुंग्याला कापूस तंत्रज्ञानाची प्रयोगशाळा उभी राहिली. तीच आजची केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था होय. खामगाव, मलकापूर, शेगाव येथे दाबल्या गेलेल्या गाठींनीही तो उपकर भरला आहे. म्हणजे तंत्रविषयक संशोधनाचा खर्च या जिल्ह्याने शंभर वर्षांपूर्वीच सोसावयास आरंभ केला होता. फक्त त्या पैशातून कोणते प्रश्न सोडवावेत, हे ठरविणारी माणसे येथील नव्हती. धागा किती लांब असावा, त्याचा पीळ कोणत्या नंबरच्या सुताला पुरावा, हे गिरणीचे प्रश्न होते. वेचणी करणाऱ्या बाईचे हात बोंडाच्या काट्यांनी का फाटतात, हा प्रश्न त्या कार्यक्रमपत्रिकेच्या अग्रभागी येण्याचे कारणच नव्हते. यात प्रयोगशाळेचा दोष नाही. जो प्रश्न लिहून पाठवितो त्याला उत्तर मिळते, हा संशोधनाचा जगभरचा नियम आहे. आजच्या योजनांचे माझ्या मते सर्वांत मोठे महत्त्व हे, की प्रश्न लिहून पाठविण्याचा अधिकार आता एका लहान कर्मशाळेच्या मालकापर्यंत पोहोचला आहे.

महाराष्ट्राला ही कल्पना परकी वाटू नये, अशी आणखी दोन उदाहरणे आपल्या इतिहासात आहेत. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करून देशी उद्योग उभारण्याची कल्पना मांडली, लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले, आणि पैसा फंडाच्या त्या रकमेतून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना निघाला. तेथे काच तर झालीच, शिवाय काच करणारी माणसे तयार झाली. दुसरे उदाहरण लक्ष्मणराव किर्लोस्करांचे. बेळगावातून हलण्याची पाळी आली तेव्हा औंधच्या अधिपतींनी त्यांना कुंडलच्या माळावर जागा व कर्जाऊ रक्कम दिली आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते असे मानणाऱ्या शेतकऱ्यांना पहिले चाळीस नांगर विकण्यासच दोन वर्षे लागली होती. या दोन वर्षांच्या काळात त्या उद्योजकाला कोणीतरी तग धरू द्यावयास हवा असतो. तो कोणी कधी लोकवर्गणी झाली, कधी संस्थानिक झाला, आणि आता ते काम राज्यसंस्थेने नियमांच्या चौकटीत बसवून आपल्या शिरावर घेतले आहे. १९१६ ते १८ च्या औद्योगिक कमिशननंतर मद्रासने १९२२ मध्ये, बिहार-ओरिसाने १९२३ मध्ये आणि मध्यप्रांताने १९३३ मध्ये उद्योगांना सरकारी मदत देणारे कायदे केले खरे. पण त्यांचा भर यंत्रसामग्रीच्या कर्जावर होता, अज्ञाताच्या शोधावर नव्हता.

शोधाचा खर्च लहान उद्योगालाही द्यावा, हा विचार कायद्यात प्रथम ठळकपणे उतरला तो अमेरिकेत, १९८२ मध्ये. ज्या सरकारी खात्यांचे बाहेरच्या संशोधनावरील अंदाजपत्रक १० कोटी डॉलरांहून अधिक आहे, त्यांनी त्यातील ठरावीक हिस्सा लहान उद्योगांसाठी राखून ठेवलाच पाहिजे, असे त्या कायद्याने बजावले. आरंभी ०.२ टक्के असलेला हा हिस्सा पुढे वाढत ३.२ टक्क्यांपर्यंत गेला. कल्पना साध्य आहे की नाही हे तपासण्यासाठी पहिल्या टप्प्यात थोडी रक्कम, ते सिद्ध झाले तर दुसऱ्या टप्प्यात मोठी रक्कम, आणि तिसऱ्या टप्प्यात सरकारी साह्य बंद करून बाजाराच्या हवाली करावयाचे, अशी त्या पद्धतीची रचना आहे. आज भ्रमणध्वनीच्या चिपांसाठी प्रख्यात असलेली क्वालकॉम कंपनी आपल्या बाल्यावस्थेत याच साह्यावर काही पावले चालली होती.

आपल्याकडेही त्याच १९८२ साली केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान खात्याने विज्ञानाधिष्ठित उद्योजकतेच्या विकासासाठी राष्ट्रीय मंडळ स्थापन केले होते. १९८६ च्या कायद्याने परदेशातून तंत्रज्ञान आयात करणाऱ्यांच्या देण्यावर उपकर बसला, १९९५ च्या कायद्याने तंत्रज्ञान विकास मंडळाची तरतूद झाली आणि १९९६ पासून ते मंडळ काम करू लागले. परक्या तंत्राच्या खरेदीवर कर बसवून त्यातून स्वदेशी तंत्राला हात द्यावा, ही योजना कापसाच्या गाठीवरील उपकराचीच धाकटी बहीण म्हणावी लागेल. तो उपकर २०१७ मध्ये रद्द झाला. मंडळ मात्र कायम आहे आणि प्रयोगशाळेत सिद्ध झालेले तंत्र कारखान्यात उतरविण्यासाठी अल्प व्याजाने कर्ज देते. जैवतंत्रज्ञान खात्याने २००५ मध्ये लहान उद्योगांच्या संशोधनासाठी स्वतंत्र योजना काढली आणि २०१२ मध्ये त्या साऱ्या कामासाठी बायरॅक ही सरकारी कंपनी स्थापली. २०१६ च्या जानेवारीत स्टार्टअप इंडियाची घोषणा झाली, त्याच सुमारास विज्ञान खात्याची निधी ही योजनामाला सुरू झाली, आणि तेव्हापासून या साह्याची चर्चा दिल्ली-पुण्याच्या वर्तुळाबाहेर ऐकू येऊ लागली.

आता या साह्याचे खरे स्वरूप पाहू. तगाई काढून विहीर खणणाऱ्या शेतकऱ्याला पाणी लागो वा न लागो, हप्ता बहुधा चुकत नसे. म्हणून तो जेथे पाणी लागण्याची खात्री तेथेच खणे, आणि ज्या शिवारात पूर्वी कोणी खणलेच नाही ते शिवार कोरडेच राही. संशोधनाच्या अनुदानाचा आशय असा, की त्या अपरिचित शिवारातील पहिल्या खणतीचा खर्च सरकारने सोसावा आणि पाणी लागले नाही तर किती खोलवर कोणता खडक लागला याची प्रामाणिक नोंद खणणाऱ्याने द्यावी. फसलेल्या प्रयोगाची अशी नोंद हीसुद्धा एक परतफेडच आहे. तिच्यामुळे पुढच्याची मेहनत वाचते. पायऱ्या चढत जावे तसे नियम कडक होतात, वरच्या काही योजनांत कर्ज, भागभांडवल किंवा यशस्वी उत्पादनातून परतावा अशी अपेक्षा असते. परंतु तळच्या पायरीवर तारण, जामीन किंवा जप्ती यांची भीती नाही. भीती धरावयाची ती हिशेबाची. एका कामासाठी मंजूर झालेला पैसा दुसऱ्या कामाकडे वळविणे, मग ते दुसरे काम कितीही निकडीचे असो, हा येथे अक्षम्य अपराध आहे.

त्या पायऱ्यांची थोडक्यात ओळख करून देतो. तपशील पुस्तिकेत आहेच. तंत्रज्ञानाच्या सज्जतेचे नऊ टप्पे मानण्याची पद्धत नासाने रूढ केली आणि आपल्या खात्यांनीही ती स्वीकारली आहे: पहिल्या टप्प्यावर केवळ तत्त्व, मधल्या टप्प्यांवर प्रयोगशाळेत व प्रत्यक्ष परिस्थितीत चालणारा नमुना, आणि नवव्यावर बाजारात रुळलेले उत्पादन. ज्याच्यापाशी कल्पना आणि कागदावरील आराखडा आहे त्याने निधी-प्रयास या योजनेकडे पाहावे. तेथे यंत्राचा पहिला नमुना घडविण्यासाठी १० लाख रुपयांपर्यंत साह्य मिळू शकते. जैविक, वैद्यकीय किंवा कृषिविषयक कल्पना असेल तर बायरॅकचे बिग हे अनुदान १८ महिन्यांसाठी ५० लाखांपर्यंत आहे, आणि त्यातून निर्माण होणाऱ्या बौद्धिक संपदेची मालकी संशोधकाकडेच राहते. शेतीच्या क्षेत्रातील नव्या उद्योगांसाठी राष्ट्रीय कृषी विकास योजनेच्या रफ्तार शाखेत कल्पनेच्या अवस्थेत ५ लाख व बीजभांडवलाच्या अवस्थेत २५ लाख अशा मर्यादा ठेवण्यात आल्या. २०२१ मध्ये ९४५ कोटींच्या तरतुदीने सुरू झालेल्या स्टार्टअप इंडिया बीजनिधीत नमुना व चाचणीसाठी २० लाखांपर्यंत अनुदान ठरले. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाच्या २०२२ च्या इनोव्हेटिव्ह योजनेत एका कल्पनेला १५ लाखांपर्यंत साह्य आहे. सर्वांत वरच्या पायरीवर, २०२५ च्या जुलैत मंजूर झालेला एक लाख कोटी रुपयांचा संशोधन, विकास व नवोन्मेष निधी आहे. तो सज्जतेच्या चौथ्या टप्प्यापासून पुढच्या कामांना दीर्घ मुदतीचे स्वस्त कर्ज आणि भांडवल पुरविण्यासाठी आहे, म्हणून आरंभ करणाऱ्याने त्याचा आकडा पाहून हुरळून जाऊ नये. या मर्यादा व मुदती सरकार वेळोवेळी बदलते. अर्ज भरण्यापूर्वी चालू अधिसूचना स्वतः वाचावी, ऐकीव माहितीवर विसंबू नये.

अनुदानाहूनही मोलाची गोष्ट म्हणजे पहिले गिऱ्हाईक. राज्य सरकारने २०१८ च्या नावीन्यपूर्ण स्टार्टअप धोरणाच्या सुमारास स्टार्टअप सप्ताह सुरू केला आणि निवडलेल्या २४ उपक्रमांना सरकारी खात्यांत आपले उत्पादन चालवून दाखविण्यासाठी १५ लाखांपर्यंतचे कार्यादेश देण्याची प्रथा पाडली. किर्लोस्करांना चाळीस नांगर खपविण्यास जी दोन वर्षे लागली, ती कमी करण्याचे सामर्थ्य अशा कार्यादेशात आहे.

एवढा सारा पैसा कोणत्या प्रश्नांवर खर्च व्हावा? या ठिकाणी मला आपल्या जिल्ह्याच्या भूगोलाकडे वळावेसे वाटते, कारण कल्पना पुण्या-मुंबईत कोणालाही सुचू शकतात, पण प्रश्न ज्याच्या अंगणात आहे त्यालाच त्याचे खाचखळगे कळतात. पूर्णेच्या खोऱ्यात पसरलेल्या संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा या तालुक्यांतील मोठा प्रदेश खारपाणपट्ट्यात मोडतो. तेथील विहिरीचे पाणी पिण्यास अयोग्य, पिकाला घातक, आणि जमीन इतकी चिकण की त्या पाण्याने दिलेले सिंचन पुढील हंगामाचीही हानी करते. पाणी गोडे करणारी यंत्रे बाजारात मिळतात. परंतु गोडे पाणी काढून घेतल्यावर उरणारे अधिक खारट पाणी कोठे सोडावयाचे, या प्रश्नाला गावपातळीवर परवडणारे उत्तर नाही. ज्या कारागिराने गावोगावची बंद पडलेली जलशुद्धी यंत्रे उघडून पाहिली आहेत, त्याच्याइतका या प्रश्नाचा जाणकार दिल्लीत मिळणार नाही.

घाटाखालच्या व घाटावरच्या काळ्या जमिनीत कापूस निघाला की पऱ्हाटी उरते. तिच्यापासून भुशाच्या फळ्या तयार करण्याचे तंत्र माटुंग्याच्या संस्थेने केव्हाच सिद्ध केले आहे. तरी पऱ्हाटी बांधावर जळते, कारण ती वजनाने हलकी आणि आकाराने अवाढव्य, त्यामुळे कारखान्यापर्यंतची वाहतूक मालाच्या किमतीपेक्षा महाग पडते. मग खरा प्रश्न फळ्यांचा राहिलाच नाही. शेतातच पऱ्हाटी उपटून, कुटून, दाबून बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मावेल असे करणाऱ्या स्वस्त यंत्राचा तो प्रश्न आहे, आणि तो खामगावच्या किंवा चिखलीच्या लोहारकाम करणाऱ्या कर्मशाळेत सुटण्यासारखा आहे. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भाचे केलेले नुकसान आठवले म्हणजे पऱ्हाटी वेळेवर शेताबाहेर जाण्याचे महत्त्व आणखीच पटते, कारण ती अळी त्या अवशेषांतच दबा धरून राहते.

देऊळगाव राजा व सिंदखेड राजा या भागात शेडनेटमधील भाजीपाला बीजोत्पादनाने शेकडो कुटुंबांना आधार दिला आहे. तेथे फुलातील पुंकेसर काढून हाताने परागीकरण करण्याचे नाजूक व कंटाळवाणे काम स्त्रिया तासन्‌तास वाकून करतात. त्यांच्या बोटांचे आणि पाठीचे कष्ट हलके करणारे एखादे साधे उपकरण हा संशोधनाचा विषय नव्हे काय? लोणारच्या सरोवराचे उदाहरण त्याहून निराळे. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने नोंदलेले हे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे उल्काविवर बेसाल्ट खडकात घडलेले असल्याने भूशास्त्रज्ञांना प्रिय आहे. २०२० च्या जूनमध्ये त्याचे पाणी गुलाबी झाले तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण क्षारप्रिय सूक्ष्मजीवांत दाखविले, आणि त्याच वर्षी सरोवराला रामसर स्थळाचा मान मिळाला. अतिक्षारयुक्त पाण्यात जगणाऱ्या सूक्ष्मजीवांची विकरे धुलाईच्या भुकटीपासून कातडे कमावण्यापर्यंत उपयोगी पडू शकतात. पण ते अभयारण्य आहे आणि तेथील जैविक संपदेच्या व्यापारी उपयोगासाठी २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार राज्य मंडळाला आगाऊ कळविण्याचे बंधन आहे. तेथील पाण्याची बाटली खिशात घालून प्रयोग सुरू करणाऱ्याने हा कायदा आधी वाचावा.

अशा प्रश्नांना उत्तरे मिळू शकतात, याचा पुरावा शेजारीच आहे. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली मिनी दाल मिल वऱ्हाडातील खेड्यापाड्यांत पोहोचली, लहान कारखानदारांनी ती घडविली आणि बचतगटांनी ती चालविली. तुरीची डाळ मोठ्या गिरणीत न धाडता गावातच काढण्याची सोय त्यामुळे झाली. विद्यापीठाचा अभ्यास, कारखानदाराचे कसब आणि गावाची गरज या तिहींची येथे गाठ पडली. शेगावचे १९८३ पासूनचे अभियांत्रिकी महाविद्यालय, चिखली व खामगाव येथील तंत्रशिक्षणाच्या संस्था, बुलढाणा आणि जळगाव जामोद येथील कृषी विज्ञान केंद्रे आणि अमरावतीचे विद्यापीठ यांनी ठरविले तर ही गाठ पुन:पुन्हा घालता येईल.

अर्ज कसा लिहावा याचे विवेचन पुस्तिकेत सविस्तर आले आहे. मी फक्त अनुभवी परीक्षकांच्या तोंडून नेहमी ऐकू येणाऱ्या उणिवा सांगतो. पहिली उणीव ही की अर्जदार यंत्राचे वर्णन पानेच्या पाने करतो आणि ते यंत्र ज्याच्यासाठी आहे त्याची अडचण दोन ओळींत उरकतो. दुसरी, हेच काम यापूर्वी कोणी केले आहे काय याचा शोध तो घेत नाही. पेटंटांची नोंदवही सर्वांना खुली असता, हा आळस परीक्षकाला आवडत नाही. तिसरी, अंदाजपत्रकात इमारत, मोटार आणि कार्यालयाचे सामान यांची रेलचेल असते, तर नमुन्याच्या चाचणीसाठी तरतूदच नसते. चौथी, कोणत्या महिन्याअखेर काय सिद्ध होईल हे मोजता येईल असे लिहिलेले नसते; आणि पुढचा हप्ता तर त्याच टप्प्यांवर सुटतो. मंजुरीनंतर बहुधा स्वतंत्र बँकखाते उघडावे लागते, प्रत्येक खर्चाची पावती ठेवावी लागते आणि सनदी लेखापालाने तपासलेले उपयोगिता प्रमाणपत्र खात्याला सादर करावे लागते. ज्याची खतावणी पहिल्या दिवसापासून नीट आहे त्याला यातले काहीच जड जात नाही.

एक इशाराही देणे प्राप्त आहे. अनुदान मंजूर करून आणतो, अमुक टक्के आधी द्या, असे सांगणारे दलाल आता तालुक्यांच्या गावीही फिरू लागले आहेत. अर्ज लिहिण्यास जाणकाराची मदत घेणे आणि त्याचा वाजवी मोबदला देणे यात गैर काही नाही. पण परीक्षकांपुढे उभे राहून प्रश्नांना उत्तरे द्यावयाची वेळ येते तेव्हा दलाल तेथे नसतो, आणि दुसऱ्याने लिहिलेला अर्ज ज्याला स्वतःला समजावून सांगता येत नाही त्याचे पितळ पाच मिनिटांत उघडे पडते.

सरकारी बाजूचे दोषही झाकून ठेवण्यात अर्थ नाही. मातब्बर इन्क्युबेशन केंद्रे पुणे, मुंबई, नागपूर येथे एकवटलेली आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातील व्हेंचर सेंटरसारख्या संस्थांचे काम कितीही चांगले असले, तरी संग्रामपूरच्या कारागिराला तेथवर जाणे म्हणजे कामाचे दोन दिवस बुडविणे होय. अर्जांची भाषा इंग्रजी, सादरीकरण इंग्रजीत, आणि प्रश्नोत्तरेही बहुधा त्याच भाषेत. मंजुरी आणि पहिला हप्ता यांच्यामधला काळ कधीकधी इतका लांबतो की लहान उद्योगाचे खेळते भांडवल आटते. या अडचणींवर सरकारने उपाय करावा अशी मागणी करीत असतानाच आपण काय करावे? आपला अर्ज प्रथम मराठीत, आपल्या नेहमीच्या भाषेत, शेतकऱ्याला वाचून दाखविता येईल असा लिहावा. तो त्याला पटला म्हणजे मग जवळच्या महाविद्यालयातील शिक्षकाच्या मदतीने इंग्रजीत उतरवावा. विचार मायबोलीत सुस्पष्ट झाला असेल तर त्याचे भाषांतर अवघड नसते. इंग्रजीतच जुळविलेला गुळगुळीत मजकूर मात्र परीक्षकाने अशी शेकडो पाने वाचलेली असल्यामुळे लगेच ओळखू येतो.

या पुस्तिकेचे संकलनकर्ते योजनांच्या मागे लागलेले नाहीत, प्रश्नांच्या मागे लागलेले आहेत, हे तिचे वैशिष्ट्य मला मोलाचे वाटते. त्यांनी प्रत्येक योजनेसमोर ती कोणत्या प्रकारच्या कामाला साजेल हे नोंदविले आहे, आणि कोणत्या कामाला साजणार नाही हेही सांगण्याचे धैर्य दाखविले आहे. ज्याला केवळ यंत्र विकत घ्यावयाचे आहे त्याने बँकेत जावे किंवा सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या योजनेतील ३५ टक्के सबसिडी पाहावी, असे ते स्पष्ट सांगतात. त्यामुळे ही पुस्तिका वाचून काही वाचक संशोधनाच्या अनुदानाचा नाद सोडून देतील, तर तेही तिचे यशच होय.

जे सोडणार नाहीत, त्यांनी एक गोष्ट मनाशी पक्की धरावी. हा पैसा कोणाच्या मेहेरबानीचा नाही. तो गाठीवरच्या आण्यांतून, आगपेटीवरच्या करातून आणि आजच्या वस्तू व सेवा करातून आपणच भरलेला आहे, आणि म्हणूनच त्याच्या प्रत्येक रुपयाचा जाब देण्याची जबाबदारीही आपलीच आहे. शंभर वर्षे या जिल्ह्याने दुसऱ्यांच्या प्रश्नांसाठी पैसा दिला. आता स्वतःचे प्रश्न मांडण्याची सोय झाली असता ते मांडले गेले नाहीत, तर दोष पुण्या-मुंबईला किंवा दिल्लीला देता येणार नाही. तेरा तालुक्यांच्या या जिल्ह्यातून दरवर्षी निदान तेरा नीट लिहिलेले अर्ज जावेत, त्यांतील नामंजूर झालेल्यांची कारणे एकत्र बसून वाचली जावीत आणि पुढच्या वर्षी तेच अर्ज सुधारून पुन्हा जावेत, एवढी माफक अपेक्षा व्यक्त करून ही पुस्तिका मी वाचकांच्या हवाली करतो.